माउसवरचा डिंकाचा थेंब

एकदा एक मुलगी एका वृद्ध दुकानदाराकडे माउस घ्यायला गेली, आणि दुकानदाराने विकलेला नवाकोरा माउस तिच्या डोळ्यांदेखत अर्धा निकामी करून तिच्या हातात दिला. मुलगी चिडली, पण माउस घेऊन गेली. मी आयुष्यभर गल्ल्यावर बसलेला माणूस. गिऱ्हाईक चिडून माल परत करताना पुष्कळ पाहिलं, चिडून माल घरी नेताना फार कमी. म्हणून ही गोष्ट लक्षात राहिली.

दुकानदाराला सगळी पेठ अप्पा म्हणे. गाव कापडाचं, त्यामुळे अप्पांचं दुकान मूळचं शिंपीकामाच्या सामानाचं: कात्र्या, खडू, टेप, अंगुस्ताने. पुढे जावयाच्या आग्रहाने दुकानाच्या अर्ध्या भागात कॉम्प्युटरचं सामान आलं. अप्पांनी कॉम्प्युटरची एकही परीक्षा दिलेली नव्हती. ते म्हणत, कात्री काय आणि माउस काय, शेवटी हातात धरायची वस्तू. आणि गिऱ्हाइकाचा हात मी चाळीस वर्षं पाहतोय.

मुलीचं नाव केतकी. वडील विलास मास्तर, शर्टाच्या कारखान्यात कटिंग मास्तर. केतकी नेमबाजीचे खेळ खेळे. म्हणजे कॉम्प्युटरवरचे; पडद्यावर फक्त आपली बंदूक दिसते, आपण दिसत नाही, आणि समोर दिसेल त्याला त्याच्या आधी टिपायचं असतं. हा आता पोरखेळ राहिलेला नाही. पुण्यातल्या एका संघाला एक खेळाडू हवा होता, महिन्याला मानधन होतं आणि पंधरा दिवसांनी निवड होती. घरात करार ठरला होता. निवड झाली तर मास्तर आडवे येणार नाहीत. नाही झाली तर एक तारखेपासून सांगलीत मामाच्या ऑफिसात बिलं टाइप करायला जायचं आणि खेळाचं नाव काढायचं नाही.

आणि नेमकं याच वेळी केतकीचा नेम बिघडला होता.

ती दुकानात आली तीच माउसचं नाव घेऊन. सर्वांत महागडा, डब्यावर सव्वीस हजारांचा आकडा छापलेला. माउस इंचभर सरकवला की पडद्यावरचा बाण किती धावेल, ते सांगणारा तो आकडा. लोक तो बघून माउस घेतात. अप्पांनी विचारलं, आत्ता किती आकड्यावर खेळतेस? केतकी म्हणाली, काल सोळाशेवर, परवा आठशेवर, आणि आज सकाळी चिडून तीन हजारांवर. अप्पा म्हणाले, "मग सव्वीस हजार घेऊन बाकीच्यांचं लोणचं घालणार का?"

त्यांनी डबा काही खाली काढला नाही. अप्पांची ती रीतच होती. कात्रीसुद्धा ते डबीतून दाखवत नसत, आधी गिऱ्हाइकाला जुन्या कात्रीने चिंधी कापायला लावत. त्यांनी केतकीला घरून तिचा माउस आणि त्याखालचं कापडी पॅड आणायला सांगितलं. तासाभराने ती आली तेव्हा अप्पांनी शिंप्याचा निळा खडू कुटून ठेवला होता. तो त्यांनी पॅडवर चाळला, थोडा माउसच्या पाठीवर चोळला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिला एक डाव खेळायला बसवलं. केतकीला वाटलं, म्हातारा चळला. पण खेळली.

डाव संपल्यावर अप्पांनी आधी तिचा हात उलटा केला. बोटांची टोकं निळी होती, तळहात स्वच्छ. मग पॅड पाहिलं. एवढ्या मोठ्या पॅडवर माउस फिरल्याची खूण पुरीएवढी.

अप्पांनी मग समजावलं ते असं. तू माउस बोटांच्या टोकांनी धरतेस, आणि घेतलायस पंजा टेकवणाऱ्यासाठी घडवलेला, मागून फुगीर आणि जड. चिमटीने वरवंटा ओढल्यासारखं चाललंय. आणि आकडा एवढा चढवून ठेवलायस की हात हलायला जागाच उरत नाही. तांदळाएवढी चूक झाली की पडद्यावर हातभर होते. त्यांनी कपाटातून तीन लहान, हलके माउस काढले. केतकीला डोळे मिटून एकेक धरायला लावला. दुसऱ्यावर तिची बोटं आपोआप बसली. तो काळा होता, दिवे नव्हते, आणि तिने मागितलेल्याच्या चौथाई किमतीला होता. सेन्सरचं काय, असं तिने विचारलं. अप्पा म्हणाले, आजकाल बऱ्या माउसचे सेन्सर सगळेच चांगले असतात, तुझ्या-माझ्या डोळ्यांना फरक कळणार नाही. वायर मऊ आहे, वजन नाही, बोटाला बटण सहज लागतंय. एवढं बघ आणि पुढे चल.

मग वेग ठरवण्यात अर्धा तास गेला. अप्पांचं माप साधं होतं: माउस वीतभर सरकवला की पडद्यावरच्या बंदुकीने बरोबर मागे वळून पाहिलं पाहिजे. कमी नको, जास्त नको. त्यासाठी कीबोर्ड डावीकडे ढकलून जागा करावी लागली. आठशेच्या आकड्यावर ते माप जुळलं.

इथवर सगळं शहाणपणाचं चाललं होतं. पुढे अप्पांनी जे केलं ते मी समोरच्या माझ्या दुकानातून स्वतः पाहिलं.

माउसच्या चाकामागे एक लहानसं बटण असतं. ते दाबलं की वेगाचा आकडा बदलतो: आठशे, सोळाशे, तीन हजार. अप्पांनी खणातून झटकन चिकटणाऱ्या डिंकाची नळी काढली आणि त्या बटणावर एक थेंब सोडला. थेंब पसरला, सुकला, दगडासारखा झाला. बटण कायमचं बसलं.

केतकी उभीच राहिली. "अप्पा, याची वॉरंटी गेली."

"गेली."

"आणि बटण बंद करून उपयोग काय? गेमच्या आत जाऊन वेग बदलता येतोच की."

"येतो ना. किती ठिकाणी दाबावं लागतं?"

तिने मनात मोजलं. डाव सोडायचा, सेटिंग उघडायचं, माउसचं पान शोधायचं, आकडा लिहायचा, परत यायचं. म्हणाली, चार-पाच.

"मग चांगलं आहे," असं म्हणून अप्पांनी चहा सांगितला. निवड झाली नाही तर माउस परत आण, पैसे परत देईन, एवढंच वर बोलले. कारण सांगितलं नाही.

पहिले चार दिवस केतकीचा खेळ होता त्याहूनही खाली गेला. वीतभर हात हलवायची सवय नव्हती, खांदा दुखू लागला. डाव हरला की बोट सवयीने चाकामागे जाई आणि डिंकाच्या त्या खड्याला लागे. पाचव्या दिवशी ती इतकी संतापली की आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन डिंक खरवडायला बसली. सुई मोडली. तेव्हा ती खेळाच्या सेटिंगमध्ये गेली, माउसचं पान उघडलं, आकडा पुसला. नवा लिहिण्याआधी तिला प्रश्न पडला की लिहायचं काय. वाढवायचा की कमी करायचा? मघाशी मेली ती नेम पुढे गेला म्हणून की मागे राहिला म्हणून? तिला आठवेना. तिने जुनाच आकडा परत लिहिला आणि बाहेर आली. त्यानंतर दोनदा ती त्या पानापर्यंत गेली, आणि दोन्ही वेळा तशीच परतली.

निवडीच्या दिवशी पुण्याला मास्तर स्वतः सोबत गेले. प्रत्येकाला दहा डाव. केतकी पहिल्या चार डावांत लवकर मेली, चारही वेळा एकाच वळणावर. मागे खुर्चीत बसलेले मास्तर घड्याळाकडे पाहू लागले, परतीची गाडी धरायची होती. पाचव्या डावाआधी तिचं बोट चाकामागे गेलं. खडा लागला. बदलण्यासारखं तिथे काही नव्हतं. मग दुसरं काय करणार, तिने पडद्याकडे पाहिलं, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं की वळणावरून जाताना तिची बंदूक जमिनीकडे असते. समोरचा दिसला की ती नेम जमिनीपासून डोक्यापर्यंत उचलते, आणि तेवढ्या उचलण्यात तो तिला टिपतो. वेगाचा प्रश्नच नव्हता. पाचव्या डावात तिने नेम आधीच माणसाच्या डोक्याच्या उंचीवर धरला आणि तसाच वळणावरून पुढे नेला. राहिलेल्या सहांतले चार डाव ती जिंकली.

संध्याकाळी यादी लागली. मुख्य संघातल्या त्या एका जागेवर तिचं नाव नव्हतं. खाली वेगळी ओळ होती: राखीव, तीन महिन्यांसाठी, निम्मं मानधन.

आता करारात राखीवचा विषय निघालाच नव्हता. येताना बसमध्ये मास्तर एवढंच म्हणाले, राखीव म्हणजे निवड म्हणायची की नाही, याचा विचार करावा लागेल. आणि पुढे गावापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी केतकी अप्पांकडे गेली आणि सगळं सांगितलं. अप्पांनी चष्मा पुसला. म्हणाले, आता सांग, डिंक काढून देऊ का? नेलपॉलिश काढायच्या पाण्याने निघतो, पाच मिनिटांचं काम.

"राहू द्या," केतकी म्हणाली. "बोटाला ओळखीचा झालाय तो. पण तुम्ही तेव्हा कारण का नाही सांगितलंत?"

तेव्हा अप्पा बोलले ते असं:

"तेव्हा सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस आणि घरी जाऊन बटण दाबलं असतंस. पोरी, माणूस हरला की त्याला लगेच काहीतरी बदलायचं असतं, आणि जे बोटाखाली असेल तेच तो बदलतो, मग चूक तिथे असो वा नसो. तुझा हात रोज नवं अंतर शिकत होता आणि तू रात्रीत ते पुसून टाकत होतीस. तो बिचारा शिकणार कधी? मी तुझं बटण बंद केलं नाही, थोडं लांब नेऊन ठेवलं. तिथपर्यंत चालत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात राग उतरतो. राग उतरल्यावरही बदलावंसं वाटलं तर खुशाल बदलावं, ते बदलणं शहाणपणाचं असतं. माउस मी तुला हाताच्या मापाचा दिला. डिंक दिला तो स्वभावाच्या मापाचा."

केतकीने माउस दप्तरात टाकला. मग म्हणाली, पण बाबा नाही म्हणाले तर हे सगळं शिकून काय उपयोग.

अप्पा म्हणाले, घरी जा आणि बाबांची कात्री बघ. स्क्रूजवळ बघ.

मास्तरांच्या कात्रीला घरात कोणी हात लावत नसे. पिशवीत घालून खिळ्याला टांगलेली असे. लहानपणी केतकीने एकदा त्या कात्रीने पतंगाचा कागद कापला होता, त्या दिवशीचा ओरडा तिला अजून आठवत होता. त्या संध्याकाळी तिने वडिलांनाच कात्री दाखवायला सांगितली. मास्तरांनी खिळ्यावरची पिशवी काढली. दोन पाती जिथे जोडलेली असतात त्या स्क्रूच्या डोक्यावर, खाचेत, वितळवलेल्या पितळेचा डाग बसवलेला होता. वापराने गुळगुळीत झाला होता, पण स्क्रू त्यामुळे पिळता येत नव्हता.

तिने विचारलं, हे कोणी केलं?

मास्तर पाटावर बसले. सांगू लागले की कारखान्यात लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी तेरा शर्टांचं कापड वाया घालवलं होतं. काप वाकडा गेला की स्क्रू आवळायचा, पुन्हा गेला की सैल करायचा. दिवसातून वीस वेळा. मालकाने शेवटची ताकीद दिली. एक दिवस अप्पांनी कात्री बघायला म्हणून मागून घेतली आणि डाग देऊन परत केली. धार लावायची वेळ आली की आजही कात्री अप्पांकडेच जाते. ते डाग काढतात, धार लावून घेतात, पुन्हा डाग देतात.

"आठ दिवस बोललो नव्हतो मी त्यांच्याशी," मास्तर म्हणाले.

केतकीने दप्तरातून माउस काढून कात्रीशेजारी ठेवला. मास्तरांनी तो उचलला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण त्यांचं बोट चाकामागे गेलं, त्या टणक थेंबावर थांबलं, आणि दोन-तीनदा त्यावरून फिरलं.

मग त्यांनी माउस खाली ठेवला, कात्री पिशवीत घातली आणि पिशवी खिळ्याला टांगता टांगता पाठमोरेच विचारलं, "पुण्याला कधी हजर व्हायचंय?"