धुराला मुदतवाढ

नव्या धूरनियमांना मुदतवाढ मागायची म्हणून चिंचवडच्या एका मोटार कंपनीने गाडी नोंदवलेल्या गिऱ्हाइकांची सभा भरवली. संचालक सबनीस म्हणाले, "नियम आला की गाडी महागणार. आणि धूर तर मागे जातो. पुढे बसलेल्या गिऱ्हाइकाला त्याचं काय?"

टाळ्या पडल्या. शैलजा खैरमोडे यांनाही गाडी स्वस्तच हवी होती. पण स्कूटरवर मागे बसून खोकणारी लेक त्यांना आठवली आणि त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, रस्त्यावर तुमचं प्रत्येक गिऱ्हाईक कुणाच्या तरी मागेच असतं ना?"

सबनीसांनी मुदतवाढीचा अर्ज सह्यांसाठी फिरवला. त्यावर कुणीच सही केली नाही.

नियम आला, गाडी महागली. शैलजाबाईंना ती वर्षभर उशिरा घ्यावी लागली. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत.