वीतभर आभाळ

खूप वर्षं झाली या गोष्टीला. फ्रान्समधल्या एका लहान गावात मादाम ओर्तांसनं दिवाणखान्यासाठी पॅरिसहून चित्रांचा कागद मागवला. त्याचे पट्टे भिंतींवर शेजारी शेजारी चिकटवले, की हिंदुस्थानचा अखंड देखावा तयार व्हायचा. त्यात हत्ती होता, ताड होता, किल्ला होता आणि वर भरपूर आभाळ होतं.

कागद चिकटवणाऱ्या म्हाताऱ्या बास्त्यांनं भिंत मोजली. "बाईसाहेब, तुमचं छत बुटकं आहे. दोन हात कागद कापावा लागेल."

हे ऐकून कागदाच्या गुंडाळ्यांमध्ये भांडण जुंपलं. "माझ्या पायांना कात्री लावायची नाही," हत्ती गरजला. ताड शेंडा द्यायला तयार नव्हता. किल्ल्याला बुरूज सोडवेना. शेवटी तिघांचं एकमत झालं, "आभाळ कापा. त्यात आहे काय?"



मादामचंही तेच मत पडलं. "पाहुणे काय ढग बघायला येणार आहेत?"

बास्त्यांनं कात्री चालवली. वर वीतभर आभाळ उरलं. देखावा भिंतीवर लागला तेव्हा ताड छताला अडकल्यासारखा दिसू लागला आणि किल्ला तळघरात बांधल्यासारखा.

"माझा हत्ती लहान केलात तुम्ही!" मादाम कडाडली.

"त्याच्या शेपटीलाही कात्री लागलेली नाही, बाईसाहेब," म्हातारा म्हणाला.

त्या दिवाणखान्यात पाहुणे आजही मान वाकवून शिरतात. दार मात्र चांगलं उंच आहे.