कुरडयांचं सूप आणि सरकती काच

खिडक्या नुसत्या कुरकुरत नसत, चक्क बोलत, त्या काळातली ही गोष्ट. वेणूताईंनी माडीवरच्या सागवानी खिडकीची दोन्ही दारं काढून खालच्या पडवीच्या पत्र्यावर टाकली आणि सरकत्या काचा बसवल्या. थोरल्या दाराला धक्काच बसला. चाळीस वर्षांची सेवा, आणि ही गत!

"वाईट वाटून घेऊ नका, आजोबा," डावी काच म्हणाली. "आम्ही पावसात फुगत नाही, वाऱ्यानं आपटत नाही."

खरंच होतं ते.

उन्हाळा आला. वेणूताई नेहमीसारख्या ओल्या कुरडयांचं भलंमोठं सूप पत्र्यावर ठेवायला खिडकीशी आल्या. डावी काच सरकवली, सूप अडलं. उजवी सरकवली, तरी अडलं. ओढाताणीत सूप कललं आणि सगळ्या कुरडया जमिनीवर!

"अगं पोरींनो, दोघी एकदम उघडा ना!" दार ओरडलं.

"एकदम?" काच चक्रावली. "एकीनं उघडायचं म्हणजे दुसरीच्या मागं जाऊन उभं राहायचं. अर्धी खिडकी कायम बंदच असते की!"

खिडकीतून उखडलं तेव्हाही दाराला एवढा धक्का बसला नव्हता.

जरा वेळानं काचेनं हळूच विचारलं, "आजोबा, सगळं उघडलं की कसं वाटतं हो?"