चिंचोक्याचे दान

डोंगराच्या पायथ्याशी एक झोपाळू गाव होते. गावाला दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची, आणि दोघींना मिळून पाण्याचा एकच पाट होता. चैत्रात पाट आटे. तेव्हा पहिली पाळी कोणाची, हे जुन्या चिंचेखाली चिंचोक्याचे दान टाकून ठरे. फोडलेल्या चिंचोक्याचे अर्धुक उडवायचे. पांढरे अंग वर आले तर खालची आळी, काळे आले तर वरची. मागून पाळी येणाऱ्याच्या वाट्याला नुसता चिखल येई. पण दान पडले की तक्रार करायची नाही, अशी रीत होती.

गावच्या शाळेत कुमुदिनीबाई गणित शिकवत. त्या खालच्या आळीत राहत. त्यांच्या अंगणात पाटाच्या पाण्यावर वाढलेला मोगरा होता आणि त्याच्यावर त्यांचा फार जीव होता. ‘बाजू दोन, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी,’ हे त्या वीस वर्षे फळ्यावर लिहीत आल्या होत्या.

एका दुपारी त्यांनी नववीच्या मुलांना फोडलेले चिंचोके वाटले. “शंभर वेळा टाका आणि मोजा. पांढरे पन्नासच्या आसपास येतील बघा.”

वर्गात टुक टुक आवाज सुरू झाला. खिडकीतून ऊन-ऊन वारा येत होता. थोड्या वेळाने वरच्या आळीतली सगुणा उठली. “बाई, माझे चौसष्ट पांढरे आले.” दुसऱ्याचे एकसष्ट, तिसऱ्याचे सहासष्ट.

“नीट टाकत नाही तुम्ही. पुन्हा टाका!”

पुन्हा टुक टुक सुरू झाले. त्या आवाजाने बाईंचे डोळे जड झाले. अर्धवट झोपेत त्यांना वाटले, हातातला चिंचोकाच बोलतो आहे. ‘बाई, माझी पाठ फुगीर, पोट सपाट. मी तरी काय करू?’

बाई दचकून जाग्या झाल्या. त्यांनी चिंचोका टेबलावर टाकला. तो काळ्या पाठीवर डुलला आणि पांढरे पोट वर करून स्वस्थ पडला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मुलांचे आकडेही तेच सांगत होते. बाईंना वरच्या आळीतल्या राणूआजाचे वाळलेले पडवळाचे मांडव आठवले. नऊ वर्षांत वरच्या आळीचे दान तीनदाच पडले होते.

परवा पुन्हा दान होते, आणि मोगरा कळ्यांनी लगडला होता. मन म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंना स्वतःच्या मनाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात म्हणाल्या, “मुलांनो, चुकले माझेच. बाजू दोन आहेत, पण सारख्या नाहीत. मोजल्याशिवाय निम्मे म्हणायचे नाही.”

सगुणाने हळूच विचारले, “बाई, हे चिंचेखाली सांगाल?”

“सांगेन,” त्या म्हणाल्या.

आणि दानाच्या दिवशी त्यांनी खरोखरच सांगितले. त्यांचीच आळी उसळली. “घर फिरलं की वासे फिरतात म्हणे. बाई, तुम्ही तर घर शाबूत असतानाच फिरलात!” म्हातारे म्हणाले, “मग काय, वाडवडिलांचं दान मोडायचं?”

“मोडायचं कशाला?” सगुणा म्हणाली. “दोनदा टाकू. आधी पांढरा, मग काळा आला तर वरची आळी. आधी काळा, मग पांढरा आला तर खालची. दोन्ही वेळा एकच रंग आला तर परत पहिल्यापासून.”

बाईंनी बोटांवर हिशेब केला. एक पांढरा, एक काळा दोन्ही आळ्यांना हवाच. फरक फक्त आधी कोण याचा. म्हणजे संधी अगदी सारखी! वीस वर्षांत त्यांना हे सुचले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले.

बाईंनी तो हिशेब सांगितला, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या आणि दान टाकले. पांढरा, पांढरा. पुन्हा टाकले. काळा. मग पांढरा!

पाळी खालच्या आळीलाच आली. सगळे राणूआजाकडे पाहू लागले. आजा हसला.

“हरलो खरं. पण इतकी वर्षं आम्हाला चिंचोका हरवत होता, आज दानानं हरवलं. आता पुढल्या चैत्राची वाट बघायला हुरूप आला!”

त्या वर्षी बाईंचा मोगरा भरभरून फुलला, आणि पहिल्यांदाच तो त्यांना आपला वाटला.

तात्पर्य: बाजू दोन दिसल्या म्हणून संधी सारखी होत नाही. आधी मोजावे, आणि मोजलेले आपल्या विरुद्ध गेले तरी ते चारचौघांत सांगावे.