राजाच्या डोळ्यात साबण

एक होता राजा. इथला नव्हे हो, पार समुद्रापलीकडचा, आफ्रिकेतला. बाळू, आधी पाय घे पांघरुणात, मग सांगते.

तर हा राजा मोठा तोरेबाज. म्हणायचा, "माझ्या तोंडून निघेल तो हुकूम!" आणि खरंच, त्यानं बोलायचा अवकाश, शिपाई पळत सुटायचे. एकदा त्यानं नदीला बांध घातला आणि सगळं पाणी आपल्या बागेत वळवलं. कारंजी उडवायची होती ना मेल्याला! गावातल्या बाया घोटभर पाण्यासाठी उन्हातान्हात वणवण करायच्या.

त्या गावात होती चिपो. हसू नका, तिकडं असतात अशी नावं. ती बाजारात गिटार वाजवून गायची. तिची आई तापानं फणफणली होती आणि घरात माठ कोरडा. चिपोला रागही आला नि रडूही आलं. आता त्यांच्याकडे गाणं एकट्यानं नाही गायचं, बरं का. एकानं विचारायचं, सगळ्यांनी उत्तर द्यायचं. मग चिपोनं विचारलं, "नदी कुणाची?" अख्खा बाजार नाचत म्हणाला, "सगळ्यांची! सोडा पाणी, सोडा!"

राजाला मिरच्या झोंबल्या. म्हणाला, नदीचं नाव काढायचं नाही. मग चिपो नुसतं म्हणाली, "कुणाची?" उत्तर तेच! राजा म्हणाला, तोंड उघडायचंच नाही. मग तिनं नुसती गिटार वाजवली. लोकांना शब्द पाठच होते की! मग मात्र राजानं गिटार मोडली आणि चिपोला कोठडीत घातलं. बिचारी रडली गं. आईला पाणी कोण आणून देणार?

पण गाण्याला कोण कोंडणार? बाया धान्य कांडताना तेच म्हणायच्या. राजवाड्यातली स्वयंपाकीण तेच गुणगुणायची, न्हावीसुद्धा. चाल अशी गोड, की एकदा कानात बसली की उठायचं नावच नाही.

मग एका सकाळी राजा कारंज्याखाली आंघोळीला बसला. अंगभर साबण, डोळे मिटलेले, स्वारी खुशीत. बागेलगतच्याच कोठडीत चिपो गजांवर बोटांनी ठेका धरून बसली होती. तो ठेका आला राजाच्या कानावर. आणि राजाच मोठ्यानं गायला, "सगळ्यांची! सोडा पाणी, सोडा!"

झालं! हुकूम तो हुकूम. शिपाई धावले, कुदळी घातल्या, बांध फोडला. नदी निघाली गावाकडे आणि कारंजं पडलं बंद. राजाच्या डोळ्यात साबण! "अरे, पाणी, पाणी!" आता कुठलं पाणी? तसाच चाचपडत गेला नदीवर. बायांनी हसत हसत सरकून त्याला जागा दिली. नदी सगळ्यांची, म्हणजे त्याचीही होती ना!

डोळे धुतल्यावर राजा खाली मान घालून म्हणाला, "चिपोला सोडा." चिपो धावत घरी गेली आणि आईला पोटभर पाणी पाजलं. पुढं सगळी सुखानं राहिली, राजासुद्धा.

तांब्या उशाशी ठेवलाय. बाळू, एकट्यानं संपवू नकोस, सगळ्यांचा आहे. झोपा आता.