भागाबाईचं बोलकं तोरण

निवांत महाराजांनी त्या वर्षी तांबडवेळ नावाच्या वाडीत मुक्काम केला होता. खाडीकाठच्या मारुतीच्या देवळात एक घोंगडी, एक तांब्या, एवढाच त्यांचा संसार! देवळाखाली होड्यांचा धक्का आणि धक्क्याला लागून भागाबाईची झोपडी. भागाबाई विधवा. रोज ओहोटीला कंबरभर पाण्यात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायच्या नि वाडीत विकायच्या, हा तिचा उद्योग. पहिला वाटा महाराजांच्या पायाशी ठेवायला जाई, तेव्हा महाराज हसून म्हणत, "अगं, मी खात नाही हे! शेजारच्या म्हातारीला दे." दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर. भक्ती अशी भाबडी असते बघा.

त्या वाडीत दिवाळीच्या पाडव्याला प्रत्येक दारावर नव्या भाताच्या लोंब्यांचं तोरण लागे. लोंब्यांमध्ये तिसऱ्यांच्या शिंपल्या ओवायच्या, नि घरातला एखादा जुना दागिना, मणी, घुंगरू, जे असेल ते, मधोमध बांधायचं. दोन शिंपल्यांच्या मध्ये पेंढ्याची गाठ मारायची, म्हणजे त्या एकमेकींवर आपटत नाहीत. भागाबाईने आपल्या लहानपणच्या तुटक्या वाळ्यांची घुंगरं काढली, महाराजांचं नाव घेत रात्रीपर्यंत ओवत बसली, आणि त्या नादात गाठी मारायच्याच राहिल्या! सकाळी वारा सुटला मात्र, तोरण जे खडखडायला लागलं, की विचारू नका.

खोतांच्या मथुराकाकू देवदर्शनाला जाताना दारात थबकल्या. मोठ्या घरची बाई. जीभ तशी तिखटच.

"भागे, हे तोरण आहे का ताशा? अगं, लक्ष्मी दारातूनच पळून जाईल! आणि ते तुझे महाराज, त्यांना तरी झोप लागते का? उतरव आधी!"

बरोबरच्या बायका फिदीफिदी हसल्या. भागाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच देवळात गेली आणि रडत म्हणाली, "महाराज, चुकलं माझं. सोडून परत ओवते."

महाराज म्हणाले, "सोडू नकोस. माझं नाव घेऊन ओवलंस ना? मग बोलू दे त्याला."

झालं! गुरूची आज्ञा. बाईने तोरणाला हात लावला नाही, आणि रोज काकूंची बोलणी खाल्ली.

आठवड्याने काकूंची लेक येसू बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. सातवा महिना, पहिलटकरीण. पहाटे पलीकडून होडी सुटली नि इकडे खाडीवर धुकं उतरलं. असं धुकं की स्वतःचा हात दिसेना! त्यात ओहोटी लागलेली. पाणी सगळं मुखाकडे ओढत होतं, आणि मुखाशी खडक.

काकू धक्क्यावर अनवाणी धावत आल्या. "येसू! येसू गं!" गड्यांनी हाका मारल्या, देवळाची घंटा बडवली. पण समोरच्या कड्यावरून तो आवाज उलटा फिरे. धुक्यातून धाकू नावाड्याची हाक आली, "अरे, दोन्हीकडून घंटा वाजतेय! किनारा कुठे?" आणि ती हाकही लांब लांब जाऊ लागली. काकू मटकन खाली बसल्या. भागाबाईने त्यांना धरलं, आणि मनात एकच धावा केला, महाराज, पोरीला सांभाळा!

महाराज पायऱ्या उतरून आले. म्हणाले, "घंटा थांबवा. सगळे गप्प राहा."

गप्प राहायचं? लेक वाहून चाललेली असताना? पण महाराजांचा शब्द मोडवेना. सगळं चिडीचूप झालं. वाऱ्याची झुळूक नव्हती, लोंबीचं पातंही हलत नव्हतं, आणि भागाबाईच्या दारावर शिंपल्या वाजू लागल्या! खड खड, छुन छुन. महाराज डोळे मिटून उभे होते. तोरण वाजतच राहिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग वल्ह्याचा आवाज आला आणि होडीचं नाक धक्क्याला टेकलं. येसू सुखरूप होती! काकूंनी तिला कवटाळलं.

धाकू होडी बांधत म्हणाला, "अहो, होडीच्या पुढे अगदी हाताच्या अंतरावर वाजत होतं. मी नुसता त्याच्या मागे वल्हवत आलो."

येसू म्हणाली, "आई, मला तर वाटलं, वाळे घातलेलं कुणी पाण्यावरून पुढे चाललंय."

काकू महाराजांच्या पायांवर कोसळणार, तोच महाराज मागे सरले. "मला कशाला, काकू? शिंपल्या भागाने वेचल्या. घुंगरंही तिचीच."

काकू वळल्या. झोपडीचं दार बुटकं. तिथे नमस्कार करायचा तर वाकावंच लागतं. वाकल्या, तशा शिंपल्या त्यांच्या कपाळाला टेकल्या. तोरण आता अगदी शांत होतं. काकू तिथेच हुंदके देऊन रडल्या.

"भागाबाई," आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला अशी हाक मारली, "माझ्या नातवंडाच्या पाळण्यावर असंच एक ओवून द्याल? आणि बाई, तुमच्या पाया पडते, मध्ये गाठी मारू नका."