शहराकडे वळवलेला कॅमेरा

तर एक होती शाल्मली, आपल्या नागपूरची. नॉर्दर्न लाइट्सचे, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळ रात्री आकाशात हलणाऱ्या रंगीत प्रकाशाचे फोटो काढायला ती थेट नॉर्वेत पोचली. आणि तीन रात्री जागून तिला मिळालं काय? फिसकटलेली हिरवी रांगोळी. सगळे फोटो धूसर.

तिला शिकवायला होते कारखानीस सर. वय सत्तरच्या पुढे, तिथेच स्थायिक झालेले, बोलणं मोजकं पण तिखट. तीन रात्री त्यांनी तिला तिची तिलाच धडपडू दिलं होतं.

चौथी रात्र शेवटची. सकाळी विमान, आणि पुण्याच्या प्रदर्शनात तिच्या फोटोसाठी एक अख्खी भिंत रिकामी ठेवलेली. दोघं शहराबाहेरच्या टेकडीवर उभे. आकाश एकदम स्वच्छ, पण पाठीमागे शहर लखलखत होतं.

"सर, हे दिवे किती पिडतात हो."

"मग लाव नगरपालिकेला फोन."

तेवढ्यात उत्तरेला हिरवा पडदा उलगडला. शाल्मली बटण दाबणार, तोच सरांनी कॅमेरा धरला आणि सरळ शहराकडे फिरवला.

"अहो सर, लाइट्स तिकडे आहेत."

"म्हातारा झालोय, आंधळा नाही."

बंदरावरचा एक लांबचा दिवा त्यांनी स्क्रीनवर मोठा करून पाहिला. लेन्सची फोकसची रिंग हळूहळू फिरवत राहिले, तो धूसर, फुगलेला दिवा तिळाएवढा रेखीव होईपर्यंत. मग रिंग हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली. इकडे शाल्मली सारखी वळून उत्तरेकडे बघत होती. पडदा विरला तर?

कॅमेरा परत उत्तरेला आला. "हं, दाब आता."

दहा सेकंदांनी स्क्रीनवर पडद्याची चुणी न् चुणी दिसली. मागचे तारे टाचणीच्या टोकाएवढे. शाल्मली बर्फात नाचायलाच लागली.

सर म्हणाले, "अगं, अंधारात कॅमेऱ्याची नजर भिरभिरते. वर जे दिसतंय ते तर एक क्षण थांबत नाही. तो दिवाही लांबच आहे, पण हलत नाही, म्हणून आधी त्याच्यावर नजर बसवायची. मग आकाश आपोआप स्पष्ट येतं. तीन रात्री तू ज्या दिव्यांवर चिडलीस, तेच तुला मदत करणार होते."

थोड्या वेळाने थंडीने चिकटपट्टी सुटली, रिंग हलली. नेमकं तेव्हाच आकाश गुलाबी होऊन पेटलं. शाल्मलीने एकदा वर पाहिलं आणि कॅमेरा शांतपणे शहराकडे वळवला. सर खिशात हात घालून नुसते बघत राहिले.

पुण्याच्या त्या भिंतीवर लागला तो फोटो त्यानंतरचा. समोर काही भव्य दिसलं की आपणही धावत सुटतो, तेव्हा आधी स्थिर दिव्याकडे वळण्याचं हे एक मिनिट आठवावं.